डुगडुगणाऱ्या कयाकचा तोल

इंग्लंडमध्ये ईस्टरच्या सुट्टीत डिवायझेस या गावापासून लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलापर्यंत नावांची शर्यत होते. अंतर १२५ मैल, म्हणजे सुमारे २०० किलोमीटर. आधी कालवा, मग थेम्स नदी. पाण्याची पातळी बदलणारे दरवाजे वाटेत वारंवार आडवे येतात. अशा ७७ ठिकाणी नाव खांद्यावर घेऊन पळायचं आणि पलीकडे पुन्हा पाण्यात उतरायचं. १९४८ पासूनची ही शर्यत. १९७९ मध्ये ब्रायन ग्रीनहॅम आणि टिम कॉर्निश या जोडीने ती न थांबता १५ तास ३४ मिनिटांत पुरी केली. बऱ्याच जोड्यांना याहून कितीतरी जास्त वेळ लागतो आणि अख्खी रात्र पाण्यात काढावी लागते.

शर्यतीची एकट्याची कयाक जास्तीत जास्त ५.२० मीटर लांब आणि जेमतेम ४० सेंटीमीटर रुंद असते. नवखा माणूस तीत बसला की बहुधा काही क्षणांतच पाण्यात पडतो. सरावाच्या वेळी त्याचं हसू होतं. पण मध्यरात्री, थकलेल्या अंगाने गार पाण्यात पडलं तर शरीराची ऊब झपाट्याने जाते, बोटं वल्हं धरेनाशी होतात आणि शर्यतच काय, जीवही धोक्यात येतो.

मग नाव इतकी अरुंद का? कारण पाण्याचा विरोध. नाव जितकी सडपातळ आणि तळ जितका गोल, तितका पाण्याशी संपर्क कमी, घर्षण कमी. पण वेग देणारा हा गोल तळच तोल हिरावून घेतो. नाव कलली की बुडालेला भाग एका बाजूला वाढतो आणि पाणी तिला पुन्हा सरळ करू पाहतं. पाण्याचा हा आधार रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. बाकी आकार तसाच ठेवून पाण्याच्या रेषेवरची रुंदी ५० वरून ४० सेंटीमीटर केली, तर आधार जवळपास निम्मा होतो. आपल्या कोकणात होडीला उलांडी लावतात ती याच हिशेबाने. बाजूचं एक लाकूड होडीची रुंदी कितीतरी वाढवतं.

कयाकला उलांडी नाही. मग हातात उरतो तो बसणाऱ्याचा गुरुत्वमध्य. तो बेंबीच्या आसपास असतो, म्हणून बैठक एक-दोन सेंटीमीटर खाली घेतली तरी फरक लगेच जाणवतो. मात्र फार खाली बसलं की वल्हं मारण्याचा कोन बिघडतो आणि पायांचा जोर नीट लागत नाही. पिण्याच्या पाण्याची पिशवी आणि खाऊ पाठीवर न बांधता तळाशी ठेवणं हा दुसरा, फुकटातला उपाय. तिसऱ्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. नावेत चार-पाच लिटर पाणी साचलं तर ते कललेल्या बाजूलाच धावतं आणि नावेला आणखी कलवतं. म्हणून पुढच्या-मागच्या पोकळीत हवेच्या पिशव्या किंवा फोम भरतात आणि दरवाज्यापाशी नाव उचलली की आधी पाणी ओततात.

एवढं करूनही ही नाव सायकलसारखीच राहते. तिला उभं ठेवतो तो वरचा माणूस. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा, डोळे, आणि नितंब व पाय यांतून येणारी जाणीव यांचा मेळ लहान मेंदू घालतो आणि कमरेचे स्नायू क्षणोक्षणी बारीक दुरुस्त्या करतात. घाबरलेला माणूस कंबर ताठ करतो. मग खांद्याची प्रत्येक हालचाल थेट नावेत उतरते. कंबर सैल सोडली तर नाव खाली डुलते, धड मात्र स्थिर राहतं. एका पायावर उभे राहून डोळे मिटून पाहा, रात्रीच्या वल्हवण्यात काय हरवतं ते कळेल. पाण्यात रुतलेलं वल्हं हाही मोठा टेकू आहे. त्यामुळे नाव डुगडुगली की वल्हं हवेत धरून थिजण्यापेक्षा मारत राहणं बरं.

हे कौशल्य आठवड्यांच्या सरावाने येतं, पण थकव्याने, भुकेने आणि थंडीने तेच आधी विरघळतं. म्हणून तोलाचा सराव ताज्या अंगाने करून भागत नाही. दोन तास वल्हवल्यानंतरची शेवटची वीस मिनिटं त्यासाठी राखावीत.

नाव निवडतानाही हाच निकष माझ्या मते खरा. सरावाच्या पहिल्या किलोमीटरला सर्वांत वेगवान वाटणारी नाव बाराव्या तासाला सर्वांत मंद ठरू शकते, कारण तोपर्यंत निम्मी ताकद न पडण्यातच खर्च होत असते. शिवाय शर्यतीचा शेवटचा टप्पा सर्वांत अवघड. टेडिंग्टननंतर थेम्सला समुद्राची भरती-ओहोटी लागते, लंडनजवळ पात्र रुंदावतं आणि पाण्यावर लाटा उठतात. एक पायरी रुंद नाव घेतलेले तिथे निवांत वल्हवतात.