डाव्या पायाचे कसब

गिअरच्या मोटारीने चालकाच्या दोन पायांमध्ये कामाची जी वाटणी करून दिली, तीत डाव्याच्या वाट्याला केवळ क्लच आला आणि वेग देणे व वेग रोखणे असा दुहेरी कारभार उजव्याकडे सोपविला गेला. एकाच पायाकडून परस्परविरोधी असे दोन हुकूम एकाच क्षणी सुटू शकत नाहीत, ही त्या व्यवस्थेतील मोठी सुरक्षितता होय. परंतु अ‍ॅक्सिलरेटरवरून ब्रेककडे पाय नेताना काही काळ खर्ची पडतोच. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे 16.7 मीटर अंतर कापते. तेव्हा पाय हलविण्यास सेकंदाचा पाचवा हिस्सा लागला असे धरले, तर ब्रेकला स्पर्श होईपर्यंत ती 3.3 मीटर पुढे गेलेली असते.

हा विलंब टाळण्यासाठी डाव्या पायाने ब्रेक दाबावा, असे आज पुष्कळांना सुचते. पण या कसबाची खरी जोपासना उत्तर युरोपातील बर्फाच्या व खडीच्या रस्त्यांवर, रॅलीच्या शर्यतींत, निराळ्याच कारणाने झाली. 1960 साली आलेल्या स्वीडनच्या साब 96 या मोटारीचे टू-स्ट्रोक इंजिन अवघे 841 सीसीचे होते, आणि त्याला वंगण पेट्रोलमध्ये मिसळूनच मिळत असल्यामुळे उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की इंजिन कोरडे पडण्याचे भय असे. त्यावर इलाज म्हणून फ्री-व्हीलची तजवीज केलेली होती. पाय उचलताच चाके इंजिनाला फिरवीनाशी होत, आणि त्यामुळे इंजिनाकडून वेगाला होणारा अटकाव नाहीसा होऊन सारा भार ब्रेकांवर येई. शिवाय एकदा मंदावलेले ते अल्पशक्ती इंजिन पुन्हा जोर धरण्यास वेळ घेई. म्हणून साबचा रॅली-चालक एरिक कार्लसन उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्याने ब्रेक दाबीत असे. ब्रिटनची आरएसी रॅली त्याने 1960 पासून सलग तीन वर्षे आणि माँटे कार्लो रॅली 1962 व 1963 साली जिंकली.

पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर असलेली मोटार निसरड्या वळणावर वेगाने घातली, म्हणजे ती वळण सोडून सरळ जाऊ पाहते. अशा वेळी इंजिनाचा रेटा कायम ठेवून ब्रेक दाबला, तर पुढची चाके त्या रेट्यामुळे फिरती राहून दिशा पाळतात, मागच्या चाकांना मात्र तो आधार नसल्याने ती घसरू लागतात, आणि मोटारीचे तोंड वळणाच्या आत येते. दोन विरुद्ध शक्तींचा हा मेळ घोट्याच्या किंचित हालचालीने साधणे, ही मला शरीराच्या तालमीची अत्यंत उच्च कोटी वाटते. फिनलंडचे टिमो माकिनेन आणि राउनो आल्तोनेन हे मिनी कूपर चालविताना याच कलेचा अवलंब करीत, आणि त्या मोटारीने त्यांना अनुक्रमे 1965 व 1967 सालची माँटे कार्लो जिंकून दिली. फॉर्म्युला वनमध्ये 1989 साली फेरारीने गिअर बदलण्याची कळ स्टिअरिंगवर आणल्यानंतर डावा पाय क्रमशः क्लचमधून मुक्त होऊन तेथेही ब्रेककडे वळला.

आपल्याकडे 2014 साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी, म्हणजे आपोआप बदलणारे गिअर आले आणि क्लचचे पेडल नसलेली मोटार मध्यमवर्गीय घरांत पोचू लागली. रिकाम्या डाव्या पायाला ब्रेकवर तैनात करण्याचा मोह येथेच होतो. माझ्या मते रहदारीत तो टाळावा. वर्षानुवर्षे क्लच तळापर्यंत रेटण्याची सवय जडलेला पाय ब्रेकही तसाच रेटतो, आणि मागून येणारे वाहन आदळण्याची वेळ येते. नुसता टेकवून ठेवला, तर ब्रेकचे दिवे अकारण जळत राहून मागच्या चालकाची दिशाभूल होते आणि ब्रेक तापून झिजतात. सर्वांत मोठा धोका घाबरल्या क्षणाचा, कारण तेव्हा दोन्ही पाय एकदम ताठ होतात. पुष्कळ नव्या मोटारींत अशा प्रसंगी इंजिनाचा जोर आपोआप काढून घेतला जातो, परंतु सर्वच गाड्यांत ही सोय नाही.

तरीही ज्याला हे शिकावयाचेच असेल, त्याने जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, रहदारीस बंद असलेल्या मोकळ्या मैदानावर, सीटबेल्ट बांधून, ऑटोमॅटिक मोटार अगदी मंद गतीने चालवीत आरंभ करावा. टाच जमिनीला टेकवून केवळ चवड्याने दाब द्यावा, आणि शेजारी बसलेल्याची मान पुढे झुकणार नाही इतक्या हळुवारपणे गाडी थांबू लागेपर्यंत वेग वाढवू नये.