राजकीय व्हिडिओ आणि ‘दहा सेकंदांचा नियम’

अधिवेशनावर व्हिडिओ करणाऱ्या मित्राचा काल फोन आला: “चॅनेलची क्लिप दहाच सेकंद घेतली, तरी यूट्यूबवर कॉपीराइट स्ट्राइक कसा रे?” मीही असेच व्हिडिओ करतो, म्हणून जरा सविस्तर.

दहा सेकंदांची अशी सूट कायद्यात नाहीच. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५२ टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी रास्त वापराला मुभा देतं. पण वापर रास्त होता का, हे शेवटी कोर्ट ठरवतं.

क्लेम वेगळा, स्ट्राइक वेगळा. क्लेममध्ये बहुतेकदा जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे वळतात. स्ट्राइक थेट तुमच्या चॅनेलवर बसतो. ९० दिवसांत तीन झाले, तर यूट्यूब चॅनेलच बंद करू शकतं. काउंटर नोटिफिकेशन देता येतं, पण मग समोरचा कोर्टात जाऊ शकतो.

माझी पद्धत: क्लिप छोटी आणि लगेच तिच्यावर भाष्य. आकडे मूळ कागदावरूनच. धोरणावर हवं तेवढं झोडपा. पुराव्याशिवाय ‘पैसे खाल्ले’ म्हणालात, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, म्हणजे बदनामी, आहेच.

आणि दंगल, युद्ध असे विषय घेतले की पिवळा डॉलर दिसू शकतो: जाहिराती कमी, कमाई कमी.

काही अडलं असेल तर बिनधास्त विचारा.