विटकरी दोऱ्याचा शोध

परदेशीं जावयास निघालेल्या माणसाच्या हातीं घरांतील प्रत्येकजण एकेक चिठी देतो, हा अनुभव आतां बहुतेक एकत्र कुटुंबांस आहे. कुणाला औषध हवें असतें, कुणाला पेन, कुणाला चॉकोलेटें. गेल्या वैशाखांत धाकट्या दिरांच्या मुलाकडे जर्मनींत स्टुटगार्ट येथें जावयास मी निघालें, तेव्हां अशा पांच चिठ्या माझ्या पिशवींत होत्या. सहावी मागणी सासूबाईंची. ती कागदावर लिहिलेली नव्हती. चार बोटें लांबीचा एक विटकरी दोरा त्यांनीं पोस्टकार्डाच्या कोपऱ्यांत टाका घालून अडकवून दिला आणि तोंडीं एवढेंच सांगितलें, "ह्याच रंगाच्या चार लडी आण हो. जवळपासचा नको."

"जवळपासचा नको" ह्या दोन शब्दांनीं मला तीन महिन्यांत पुष्कळ शिकविलें. फुलीचा टाका भरणाऱ्या भगिनींस, आणि ज्यांची मुलें-सुना परदेशीं आहेत अशा घरांस, त्यांतील कांहीं उपयोगी पडेल म्हणून हें लिहीत आहें.

आमचें घर आरे-वारे येथें. रत्नागिरीहून काळबादेवीवरून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्यानें जातांना हीं जोडगांवें लागतात; मध्यें डोंगराचें नाक समुद्रांत शिरलेलें आणि त्याच्या दोहों अंगांस दोन पुळणी. वरच्या वळणावरून समुद्राचा देखावा मोठा रम्य दिसतो, म्हणून हल्लीं सुटीच्या दिवशीं तेथें पाहुण्यांच्या गाड्यांची रांग लागते. पाहुण्यांस गोड लागणारा हा खारा वारा भरतकामाचा मात्र वैरी आहे. उघडी राहिलेली सुई थोड्याच दिवसांत काळवंडते, आणि आषाढ-श्रावणांत पेटींतल्या कापडास बुरशीचा वास येऊं लागतो.

सासूबाईंनीं तीन वर्षांमागें नातीच्या रुखवतासाठीं तुळशीवृंदावनाचें चित्र भरावयास घेतलें. रुंदींत १४० फुल्या आणि उंचींत १८२. दोन्ही बाजूंचे मोर झाले, देवळींतील पणती झाली, वृंदावनाच्या विटा निम्म्याअधिक भरून झाल्या. आणि डोळ्यांत मोतीबिंदु उतरला. काम गुंडाळून पेटींत गेलें, तें सुईसकट. एक पावसाळा तसाच गेला. पुढें एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांनीं घडी उलगडली, तों सुई होती तेथें कापडावर मुगाएवढा तांबेरा! नशीब एवढेंच कीं तो डाग विटांच्या जागेंत होता व विटकरी फुल्यांखालीं झांकून जाणार होता. अशा डागावर आपण लिंबू-मीठ चोळतों. पण शेजारीं रंगीत दोरा असेल तर तें धाडस करूं नये, कारण डागाबरोबर दोऱ्याचा रंगही जाण्याचें भय असतें.

दुसरी अडचण त्याहून मोठी निघाली. विटकरी दोरा संपत आला होता, आणि त्याचा नंबर कुणासच ठाऊक नव्हता. लडीवरची नंबराची कागदी पट्टी काढून टाकावयाची आणि दोरा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून बिस्किटांच्या डब्यांत ठेवावयाचा, ही आमच्या घरची जुनी रीत. डबा दिसे सुरेख. पण त्यांतल्या एकाही रंगास नांव नव्हतें. नातीचें लग्न मार्गशीर्षांत ठरलें होतें.

रत्नागिरीच्या बाजारांत मीं चार दुकानें पालथीं घातलीं. एके ठिकाणीं दिव्याखालीं अगदीं हुबेहूब वाटणारा दोरा मिळाला. घरीं येऊन त्याच्या चाळीसएक फुल्या घातल्या आणि सकाळीं ओटीवर सासूबाईंपुढें कापड धरलें. त्या एका डोळ्यानें क्षणभर पाहात राहिल्या व म्हणाल्या, "अगं, ही वीट दुसऱ्या भट्टीची दिसते." उजेडांत पाहिलें तों खरेंच तसें होतें. मुकाट्यानें उसवलें.

ह्यांत दुकानदाराचा दोष नाहीं. रंग हा केवळ दोऱ्याचा गुण नव्हे. त्यावर पडणाऱ्या उजेडाचाही त्यांत वांटा असतो. निरनिराळ्या रंगद्रव्यांनीं रंगविलेले दोन दोरे एका दिव्याखालीं सारखे आणि सूर्यप्रकाशांत वेगळे दिसूं शकतात. म्हणून दोरा जुळवावयाचा तो दिवसाच्या उजेडांत, दुकानाच्या दाराशीं येऊन.

एवढें कळूनही स्टुटगार्टांत मीं पहिली चूक केलीच. पोस्टकार्ड हरवेल ह्या भीतीनें तें घरीं ठेविलें आणि दोऱ्याचें मोबाइलमध्यें घेतलेलें छायाचित्र दाखवून एका मोठ्या दुकानांतून तीन लडी आणल्या. घरीं येऊन पाहातें तों एक गुलाबीकडे झुकलेली, एक तपकिरी, आणि तिसरी ह्या दोहोंच्या मधली. छायाचित्रांतला रंग यंत्राच्या मर्जीचा असतो. पुतण्याची बायको हंसून म्हणाली, "काकू, आजींनीं दोरा दिला होता तो न्यावयाचा, त्याची तसबीर नव्हे!"

दुसऱ्या खेपेस तिनेंच एक लहानसें दुकान शोधून काढलें. आम्ही शनिवारीं लवकर निघालों, कारण जर्मनींत रविवारीं दुकानें कायद्यानें बंद असतात. दुकानाची मालकीण साठीची बाई. तिला इंग्रजी बेताचें व मला जर्मन मुळींच नाहीं. पोस्टकार्ड पाहातांच तिनें एक लांबट पुस्तिका काढली. तींत रंगांचे छापील ठिपके नसून खऱ्या दोऱ्यांचे तुकडे ओळीनें लावलेले होते व प्रत्येकाखालीं नंबर. ती मला हातास धरून दाराशीं घेऊन गेली, आमचा तुकडा एकेका रंगावर ठेवून पाहूं लागली, आणि शेवटीं दोन नंबरांशीं थांबली: ३५५ आणि ३७७७. दोन्ही भाजल्या मातीचे. दुसरा किंचित् गडद. येथें मला एक नवी गोष्ट कळली. नंबर जवळचे म्हणून रंग जवळचे, आणि नंबर दूरचे म्हणून रंग दूरचे, असा नियम नाहीं. कारखान्यानें नंतर काढलेल्या छटांस पुढचे नंबर मिळतात; त्यामुळें ३५५ चा सख्खा शेजारी तीन हजारांच्या पलीकडे जाऊन बसतो. तिनें दोन्ही लडी सोडून दोऱ्याची एकेक गांठ आमच्या तुकड्याशेजारीं धरली आणि म्हणाली, तीनशें पंचावन्न. पोस्टकार्डावर तो आंकडा लिहून घेतला, तेव्हां कुठें माझा जीव खालीं पडला.

हा दोरा डी. एम. सी. छापाचा. हीं तीन अक्षरें आपल्याकडील भरतकाम करणाऱ्या बायकांच्या ओळखीचीं आहेत, पण त्यांचा इतिहास फारसा कुणी विचारीत नाहीं. आल्सास प्रांतांतील मुलूझ ह्या गांवीं १७४६ सालीं छापील सुती कापडाचा जो धंदा सुरू झाला, त्यांतून हा कारखाना निघाला. पुढें डोलफुस घराण्यांतील पुरुषाचा मीग घराण्यांतील कन्येशीं विवाह झाला आणि १८०० सालीं दोन्ही आडनांवें धंद्याच्या नांवांत आलीं: डोलफुस-मीग आणि कंपनी. तेरेझ द दिलमाँ ह्या विदुषीनें १८८६ मध्यें प्रसिद्ध केलेला सुईकामाचा कोश ह्याच कारखान्याच्या आश्रयानें जगभर पसरला. आल्सास १८७१ त फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर परत फ्रान्सकडे आला, आणि १९४० पासून कांहीं वर्षें पुन्हां जर्मनांच्या ताब्यांत होता. राज्यें बदललीं, तरी दोऱ्याचें नांव टिकलें. पॅलेस्टाइनमधील स्त्रियांच्या ज्या फुलीच्या भरतकामास युनेस्कोनें २०२१ सालीं मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें, त्यांतही विसाव्या शतकांत हाच दोरा शिरला होता.

कापडाची गोष्ट तर आणखी गमतीची. आपण ज्यास मॅटी किंवा जाळीचें कापड म्हणतों, त्याच्या आयडा नांवाच्या प्रकारासाठीं प्रसिद्ध असलेला त्स्वायगार्ट हा कारखाना १८७७ सालीं झिंडेलफिंगेन येथें निघाला. आणि हें गांव स्टुटगार्टाच्या अगदीं कुशींत आहे! मात्र तिकडे कापड घेतांना एक धोका आहे. आपल्याकडे कापडाचा नंबर एका इंचांत किती फुल्या बसतात ह्यावर ठरतो: ११, १४, १६, १८. युरोपांत तोच हिशेब पुष्कळदां सेंटिमीटरचा असतो. आपलें १४ चें कापड तेथें ५.४, १६ चें ६.४ आणि १८ चें ७ ह्या आंकड्यानें ओळखलें जातें. हें न जाणतां घेतल्यास चित्राचें माप बदलतें. सासूबाईंचें १४० फुल्यांचें चित्र १४ च्या कापडावर १० इंच रुंद होतें. तेंच १८ च्या कापडावर पावणेआठ इंचांच्या आसपास येईल, आणि आणलेली चौकट वायां जाईल.

लडी बांधून देतांना त्या बाईनें माझ्या पदराकडे बोट दाखवून कांहीं विचारलें. मी त्या दिवशीं आईची इरकल नेसलें होतें. माझें माहेर धारवाडकडचें. पदरावर कशिदा होता: गोपुर, रथ, हत्ती. मीं पदर पुढें केला, तों तिनें तो प्रथम उलटून पाहिला. भरतकाम जाणणारी बाई सुलटी बाजू मागाहून पाहाते! आपल्या कशिद्यांत चार टांके: गावंती, मुरगी, नेगी आणि मेंती. पैकीं गावंती व मुरगी दोहों बाजूंनीं सारखे दिसतात. मेंती म्हणजे मेथीच्या दाण्यासारखा टांका, आणि तोच हा फुलीचा टांका. मेंतीवर बोट ठेवून ती म्हणाली, "क्रॉइत्सश्टिश!" आणि मीं म्हटलें, "मेंती!" एवढेंच आमचें संभाषण, पण दोघींसही तें पुरलें. आमच्या आज्यांपाशीं भोंकांचें कापड नव्हतें, चौकड्यांचा छापील नमुना नव्हता. इरकलीचे उभे-आडवे धागे डोळ्यांनीं मोजून त्या गोपुर उभें करीत, हें मीं खुणांनीं सांगितलें, तेव्हां तिनें कपाळास हात लावला.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. जातांना दोऱ्याचा खरा तुकडा पोस्टकार्डास टांचून न्यावा, आणि कापडाची दोन बोटें चिंधीही. उरलेल्या फुल्या आधीं मोजाव्या. आठ मीटरच्या सहापदरी लडींत १४ च्या कापडावर दोन पदरांनीं भरल्यास सुमारें दीड ते दोन हजार फुल्या निघतात. आमच्या ४,२०० फुल्या उरल्या होत्या. तीन लडी पुरत्या, पण सासूबाईंनीं चार सांगितल्या त्या उसवण्याचा हिशेब धरून. १४ च्या कापडास २४ नंबरची, १८ च्या कापडास २६ नंबरची बोथट टोंकाची सुई लागते. कात्री विमानांत हातच्या पिशवींत ठेवूं नये. मोठ्या सामानांत घालावी. दुकान विचारतांना जर्मनींत 'हांडआर्बाइट', फ्रान्समध्यें 'मेर्सरी', इटलींत 'मेर्चेरिया' हा शब्द तोंडीं असावा. लंडनास रीजंट स्ट्रीटवरील लिबर्टींत आणि टोकियोस शिंजुकु भागांतील ओकादायांत शिवण-भरताचें सामान मिळतें. अमेरिकेंतल्या नातलगांनीं पूर्वीं सांगितलेल्या पत्त्यावर मात्र विसंबूं नये. तेथील जोअॅन नांवाचीं दुकानें २०२५ सालीं सगळीं बंद झालीं.

मी श्रावणांत परतलें. जुन्या दोऱ्याचे दोन हात शिल्लक होते. नवा नंबर तोच असला तरी जुना दोरा खाऱ्या हवेंत थोडा विटला होता, आणि दोघांची सरळ शीव कापडावर दिसली असती. सासूबाईंनीं तोड सांगितली. सुईंत एक पदर जुना आणि एक पदर नवा असे ओंवून जोडाच्या दोन ओळी भरावयाच्या. त्यापुढें दोन्ही पदर नवे. जुन्या लडीचा शेवटचा धागा त्या दोन ओळींत संपला. तांबेऱ्याचा डाग कुठें होता, तें आज मला स्वतःसही सांगतां येणार नाहीं. त्या एका डोळ्यानें ओळी मोजीत आणि मी फुल्या घालीं. दिवाळीच्या आधीं वृंदावन पुरें झालें. ओल्या पांढऱ्या फडक्यानें दोरा दाबून रंग सुटत नाहीं अशी खात्री केल्यावरच तें धुतलें.

हाच दोरा मुंबईच्या दुकानांतही मिळतो, असें मागाहून कळलें. घरांतल्या मंडळींनीं माझी पुष्कळ थट्टा केली, आणि ती रास्त होती. परंतु मुंबईच्या दुकानांत तरी मीं काय मागितलें असतें? विटकरी? विटकरी तर मीं रत्नागिरींतही मागितला होता. मला परदेशांत सांपडला तो दोरा नव्हे, नंबर. आणि तो आमच्याच डब्यांतून आम्हींच फेंकलेल्या कागदी पट्टीवर होता.

आतां बिस्किटांच्या डब्यांतील प्रत्येक पुठ्ठ्यावर नंबर आहे. चौकट लावण्यापूर्वीं सासूबाईंनीं चित्राच्या पाठीशीं एक नाडीची पट्टी शिवावयास लावली व तींवर सगळे आंकडे शाईनें लिहविले. नातीला दाखवून म्हणाल्या, "कधीं एखादी वीट निखळली, तर काकूला पुन्हां जर्मनीस पाठवूं नका."