कृपा, ख्रिस्ती धर्मातील

मानवाची कोणतीही पात्रता नसताना परमेश्वराने केवळ प्रेमापोटी त्याला दिलेले दान, असा ख्रिस्ती धर्मात ‘कृपा’ या संज्ञेचा अर्थ आहे. ‘खारिस’ या ग्रीक शब्दाचा हा मराठी पर्याय असून नव्या करारातील सेंट पॉल यांच्या पत्रांत तो वारंवार येतो. तारण हे सत्कृत्यांनी मिळवावयाचे नसून विश्वासाने स्वीकारावयाचे असते, हे पॉल यांच्या प्रतिपादनाचे सार होय.

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलेजिअसने, मानव स्वतःच्या इच्छाशक्तीने निष्पाप जीवन जगू शकतो, असे मत मांडले. मानवी इच्छाशक्तीच पापाने दुर्बल झालेली असल्याने कृपेवाचून ती सत्प्रवृत्त होत नाही, असे उत्तर सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी दिले. कार्थेजच्या धर्मपरिषदेने ४१८ मध्ये पेलेजिअसचे मत त्याज्य ठरविले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) यांनी केवळ विश्वासावर भर दिला. ट्रेंटच्या परिषदेने (१५४५–६३) कृपेचे अग्रत्व मान्य करून तिला मानवाने द्यावयाच्या सहकार्याचेही महत्त्व सांगितले. या प्रश्नावरील मूलभूत मतैक्याचा संयुक्त जाहीरनामा रोमन कॅथलिक चर्च व ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी १९९९ मध्ये ऑग्झबर्ग येथे स्वाक्षरित केला.

हा केवळ तात्त्विक वाद नव्हे, याचा प्रत्यय पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या आत्मनिवेदनातून येतो. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ स्थापन केले. धर्माचा स्वीकार, शास्त्राभ्यास व सेवाकार्य यांपैकी कशाचीही उणीव नव्हती. तरीही मनाला शांती नव्हती. आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला, पण ख्रिस्त लाभला नाही, असे त्यांना जाणवले. बाप्तिस्म्यानंतर सु. आठ वर्षांनी, स्वतःच्या पात्रतेचा विचार सोडून त्यांनी ख्रिस्ताला शरण जाऊन पापक्षमेचे दान स्वीकारले व त्यांना समाधान लाभले.

कृपेने कर्म निरर्थक ठरत नाही. त्याचा हेतू मात्र पालटतो. तारणाची किंमत म्हणून केलेले कर्म कृतज्ञतेतून होऊ लागते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातील निराधार मुली व विधवा यांना आश्रय दिला. पुढे केडगाव (जि. पुणे) येथील ‘मुक्तिसदन’ त्यांचे घर झाले. बायबलचे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठी भाषांतर करण्यात रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली.