पोरांची सावड

आज तुमच्याशी बोलायला आम्ही चौघी आलोय, जामखेड तालुक्यातल्या एका बचत गटातल्या. येण्याआधी एकीनं धारा काढून डेअरीला दूध घातलं, दुसरीनं पोराला अंगणवाडीत सोडलं, तिसरीची सासू अजून रुसलेली आहे आणि चौथी कांद्याच्या रोपाला पाणी लावून तशीच ओल्या पायांनी एसटीत बसली. म्हणजे विषयाचा अनुभव आमच्याजवळ भरपूर आहे. विषय असा, की घर, रान, जनावरं आणि लहान पोरं एकदमच सांभाळताना बाईचा जीव मेटाकुटीला येतो, तो थोडा तरी हलका कसा करायचा.

गेल्या साली कांदा लागवडीच्या दिवसांत आमच्यातल्या एकीच्या पोराच्या हातून सकाळी दुधाची किटली लवंडली. पाच वर्षांचं पोर. तिनं त्याला इतकं बडवलं, की शेजारीण धावत आली. दुपारी रानात तिला हुंदका आवरेना. गटाच्या बैठकीत ती म्हणाली, "दूध सांडल्याचा राग नव्हता गं. चार वाजल्यापासून मी उभी होते, त्याचा राग होता. मार मात्र त्याला बसला." त्या दिवशी हप्त्याचा हिशोब अर्धाच झाला. कारण मग प्रत्येकीनं आपापलं सांगायला सुरुवात केली.

पुढच्या बैठकीत आम्ही एक खेळ केला. ओट्यावर खडूनं दोन मोठे गोल काढले, एक बाईचा आणि एक तिच्या नवऱ्याचा. दोन्हीकडं चोवीस-चोवीस ज्वारीचे दाणे, एक दाणा म्हणजे एक तास. किटलीवाल्या मैत्रिणीनं तिचे दाणे मांडले: झोप पाच, चूल आणि भांडी पाच, जनावरं तीन, रान सहा, झाडलोट-धुणं-पाणी दोन, पोरांचं आंघोळ-खाणं-झोपवणं दोन. हातात एक दाणा उरला. तो कुठं ठेवायचा हे तिला सांगताच येईना. नवऱ्याच्या गोलात झोप सात, रान सात, जनावरं आणि डेअरी तीन, आंघोळ-जेवण दोन, आणि पार, मोबाईल, गावातली कामं मिळून पाच. पोरांसाठी एकही नाही. तो माणूस आळशी नाही बरं का, रानात घाम गाळतो. पण दाणे समोर दिसले तेव्हा त्यालाही बोलता आलं नाही. तुमच्या गटात हा खेळ जरूर करा. भांडण होत नाही, कारण कुणी कुणाला बोलत नाही. दाणेच बोलतात.

हे आमच्याच गावचं आहे असं समजू नका. सरकारनं 2024 मध्ये देशभर वेळेची पाहणी केली. त्यात 15 ते 59 वयाच्या ज्या बायका घरकाम करतात त्यांचे त्यातच रोजचे सरासरी 305 मिनिटं, म्हणजे पाच तास जातात असं निघालं. घरातल्या माणसांची, पोरांची काळजी घेणाऱ्या बायका त्यावर 140 मिनिटं घालतात, पुरुष 74. रानातली मजुरी त्याच्या वेगळी.

बैठकीत बोलून शहाणं व्हायची रीत आमच्या तालुक्याला नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये जामखेडला आले, तेव्हा गावानं निवडून दिलेल्या बायकांनाच त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. कित्येकींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. जामखेडला शिकून आलेली बाई गावात महिला मंडळात बसून तेच सांगायची. त्या कामाला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या आयांनी ताप, जुलाब, बाळंतपण हे असंच एकमेकींत बसून समजून घेतलं. मग थकवा का नको?

तर आम्ही काय बदललं ते सांगतो. सगळ्यात मोठं म्हणजे पोरांची सावड.

सावड तुम्हाला ठाऊकच आहे. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. पैसा लागत नाही. आम्हाला वाटलं, कांद्याला सावड चालते तर पोरांना का नको? अंगणवाडी दुपारी सुटते, लागवड संध्याकाळपर्यंत चालते. मधल्या वेळात पोरं बांधावर नाहीतर सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. म्हणून शेजारच्या पाच घरांनी वार ठरवले. जिची पाळी ती त्या दिवशी कामाला जात नाही, पाचही घरची पोरं तिच्या अंगणात. बाकीचे चार दिवस ती निश्चिंत.

सुरुवातीला अडचणी आल्याच. एका सासूबाई म्हणाल्या, "पोरं काय दुसऱ्याच्या दारात टाकायची?" एकीला पाळीच्या दिवशीच चांगली मजुरी मिळाली, ती गेली आणि पोरं माझ्याकडं का तुझ्याकडं यावरून दोघी महिनाभर बोलत नव्हत्या. मग नियम केले. पाळी बदलायची तर आदल्या रात्री सांगायचं. खाणं ज्याच्या-त्याच्या घरचं. तापाचं पोर घरीच. आणि जिची पाळी तिनं त्या दिवशी पोरंच बघायची, सोबत गोधडी शिवायला, निवडणं-टिपणं करायला हरकत नाही, पण विहिरीवर धुण्याला जायचं नाही.

या शेवटच्या नियमावर आम्ही हटून बसतो. आपल्या जिल्ह्यात शेततळी खूप झाली. त्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा, की मोठ्या माणसालाही आत घसरल्यावर वर येता येत नाही, पोराची काय कथा. ज्यांच्याकडं तळं आहे त्यांनी भोवती कुंपण करावं आणि चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवावा. कडबाकुट्टीचं बटण वर, पोराचा हात पोहोचणार नाही तिथं. फवारणीचं औषध कधीही पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवायचं नाही. हे एकदा केलं की बाईच्या डोक्यातली निम्मी धाकधूक कमी होते. थकवा नुसता हातापायांचा नसतो, सतत कान टवकारून राहण्याचाही असतो.

दुसरी गोष्ट जेवणाची. आपण सगळ्यात शेवटी बसतो, उरलं-सुरलं खातो आणि सकाळी नुसत्या चहावर धारा काढतो. आम्ही ठरवलं, सकाळी चहाच्या आधी काहीतरी पोटात घालायचं, शिळी भाकरी का असेना, मूठभर शेंगदाणे का असेनात. रात्री पोरांसोबतच ताट घ्यायचं. 2019-21 च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या 54 बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. चढ चढताना धाप लागते, चिडचिड होते, त्याला आपण स्वभाव म्हणतो. उपकेंद्रात रक्त तपासून घ्या. बाळंतपणानंतर 180 दिवस लोहाची गोळी रोज घ्यायची असते, ती फुकट मिळते. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, लिंबू चालतं. शौचाला काळं झालं तर घाबरून बंद करू नका.

घरच्या पुरुषांचं काय? "मदत करतो" हा शब्दच आम्हाला खटकतो. पोरं काय शेजाऱ्याची आहेत? किटलीवाल्या मैत्रिणीच्या नवऱ्यानं सकाळची पोरांची आंघोळ आणि दप्तर आपल्याकडं घेतलं. पहिले आठ दिवस पोरं अर्धी ओलीच शाळेत गेली. तिनं तोंड उघडलं नाही, हे तिचं मोठं काम. आपण मागून पुन्हा पुसायला लागलो की काम परत आपल्याकडंच येतं. पोरालाही पाण्याचा तांब्या, ताटं उचलणं लावा, पोरीलाच नको.

बारीकसारीक बाकी तुम्हीच जाणता. कपडे-दप्तर रात्रीच काढून ठेवावं, मटकी भिजत घालावी. आणि उन्हाळ्यात शेजारणीनं पायलीभर कुरडया केल्या म्हणून आपणही केल्याच पाहिजेत असं नाही. आमच्यातल्या दोघींनी या साली केल्या नाहीत. कुणी उपाशी राहिलं नाही.

एक मात्र वेगळं ओळखा. दोन आठवडे झाले तरी झोप नाही, रडू येतं, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही, जगूच नये वाटतं, तर तो कामाचा थकवा नव्हे, आजार आहे, आणि तो बरा होतो. बाळंतिणीला हे पुष्कळदा होतं. "बाहेरचं काही लागलं" म्हणून दिवस घालवू नका, डॉक्टरांकडं न्या. जीवाचं बरंवाईट करायची भाषा करत असेल तर तिला एकटं सोडू नका. टेलिमानसचा 14416 हा सरकारी फोन रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

किटलीवाल्या मैत्रिणीनं परवा पुन्हा दाणे मांडले. झोपेत एक दाणा वाढलाय. पोरांचे दोनच आहेत, पण त्यातला एक आता आंघोळीचा नाही, संध्याकाळी ओट्यावर नुसतं बसायचा आहे. या सालच्या लागवडीची सावड येत्या सोमवारी सुरू होतेय. पहिली पाळी तिचीच आहे, आणि रुसलेल्या सासूबाईंनी नातवाचा डबा स्वतः भरून देते म्हणून सांगितलंय.