ओट्यावरचं सोलापूर, पार्किंगवरचं सोलापूर

१५ जून २०२३ रोजी सोलापूरच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी पाडण्यात आली. नव्वद मीटरच्या आसपास उंचीची ही चिमणी होटगी रोडच्या विमानतळाला अडसर ठरते, एवढ्या एका मुद्द्यावर शहर अनेक वर्षं दोन तटांत विभागलं होतं. मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. पुढे २९ सप्टेंबर २०२४ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान उडालं. चिमणी राहायला हवी होती की जायला, हा वाद आता उकरून काढण्यात अर्थ नाही. मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. नव्वद मीटर उंचीवर काय असावं यावर इतकी वर्षं भांडलेल्या या शहरानं जमिनीपासून पहिल्या दहा फुटांत काय चाललंय याचा हिशेब कधी मागितला नाही. आणि सोलापूर जगतं ते त्या दहा फुटांतच.

२०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा एकाच चौकात ऐकू येणारं हे गाव. १८७७ मध्ये इथं पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिलाच पुढे लोक ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर समाज शहराच्या पूर्व भागात स्थिरावला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पण काम काही थांबलं नाही, ते गल्लीत शिरलं. यंत्रमाग घराच्या पुढच्या खोलीत आले आणि विडी उंबऱ्यावर आली. सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा कौतुकसोहळा आपण करतो. ती ज्या बोळात विणली जाते त्या बोळाची रुंदी मात्र आपल्याला अडचण वाटते.

विडीचं काम जवळून पाहिलं की घराचा नकाशा कसा असायला हवा ते कळतं. तेंदूची पानं आधी पाण्यात भिजवायची, मग ओलसर ठेवायची. पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं एकसारखी कापायची. मांडीवर सूप घेऊन त्यात तंबाखू, पानं आणि दोरा. पान वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे की झाली एक विडी. अशा हजार विड्या वळायला बाईचा दिवस जातो. माल कारखान्यात नेऊन द्यायचा आणि तपासनिसानं बाजूला काढलेल्या विड्यांचा तोटा सोसायचा. या कामाला पाणी लागतं, उजेड लागतो आणि सगळ्यात जास्त लागते ती सोबत. म्हणून बायका ओट्यावर बसतात. समोरची अक्का, शेजारची सून, शाळेतून आलेली पोरं आणि भाजीची हातगाडी यांच्यावर एकाच जागेवरून नजर राहते. मूल सांभाळायला वेगळं पाळणाघर लागत नाही, कारण गल्लीच ते सांभाळते. (विडी आरोग्याला घातक आहे हे खरंच. पण तो धंदा उद्या बंद झाला तरी शिवणकामापासून पापडापर्यंत घरी बसून करायचं दुसरं काही तरी येईल आणि त्यालाही ओटा लागेल.)

जुन्या पेठांत खाली दुकान, वर माडी आणि मधे ओटा अशी रचना होती. साखर पेठ, भवानी पेठ, बाळीवेस इथं ती अजून तग धरून आहे. मात्र आता जुनं घर पाडून जे उभं राहतं त्याचा तळमजला पार्किंगचा असतो. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही भाग वगळता राज्यभर एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यामुळे मध्यम शहरांत जादा मजल्यांची वाट सोपी झाली. मजले वाढले की नियमाप्रमाणे गाड्यांची जागा वाढते, आणि छोट्या प्लॉटवर गाड्या लावायच्या तर तळमजला खांबांवर उचलण्याला पर्याय उरत नाही. मग पुढे कंपाउंडची भिंत, लोखंडी फाटक आणि पाटी : ‘फाटकासमोर वाहन लावू नये’. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत अशा इमारतींच्या रांगा लागल्या आहेत. राहायला त्या चांगल्या आहेत, नाही कशाला म्हणा? पण रस्त्याच्या बाजूनं पाहिलं तर शंभर पावलांत बसायला जागा नाही, की पत्ता विचारावा असा माणूस नाही. यात बिल्डरला शिव्या घालून भागणार नाही. गाडीसाठी किती जागा सोडायची हे नियमात आकड्यांनी लिहिलेलं आहे. ओट्यासाठी, दुकानाच्या गाळ्यासाठी, सावलीसाठी तसा आग्रह कुणी धरला नाही. जे मोजलं जातं तेच बांधलं जातं.

स्मार्ट सिटीचं तेच झालं. जानेवारी २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या वीस शहरांची यादी आली, तेव्हा सोलापूर नवव्या क्रमांकावर होतं. केवढा आनंद झाला होता! रंगभवनाकडचा रस्ता, पार्क मैदान, होम मैदान आणि सिद्धेश्वर तलावाचा परिसर अशा ठळक जागांवर काम झालं. फरसबंद पदपथ आले, दिवे आले. पण पदपथ आखताना गाड्यावाल्याची जागा आखली नाही तर पुढे काय होतं हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. गाडा एक तर पदपथावर चढतो नाही तर रस्त्यावर उतरतो, आणि दोन्हीकडे तो अतिक्रमणच ठरतो. अतिक्रमणविरोधी पथक येतं तेव्हा ताडपत्री गुंडाळून गाडा बोळात ढकलायचा आणि पथक गेलं की परत आणायचा. शहरातले कितीतरी वडेवाले, फळवाले, शेंगाचटणी विकणाऱ्या बायका या खेळात तरबेज झाल्या आहेत. वास्तविक पथविक्रेत्यांच्या हक्कांचा केंद्रीय कायदा २०१४ पासून आहे. पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्र हातात येईपर्यंत कुणाला उठवू नये, शहर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

आता शहराजवळच्या कुंभारी गावाकडे वळतो, कारण या शहरातला सगळ्यात मोठा बांधकाम प्रकल्प ना स्मार्ट सिटीचा आहे ना कुठल्या बड्या बिल्डरचा. तो कामगारांचा आहे. माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरचे आडम मास्तर, यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार महिलांनी आधी दहा हजार घरांची गोदुताई परुळेकर वसाहत उभी केली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथल्या घरांचा ताबा मिळाला. त्यानंतर आली रायनगर वसाहत. असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, फेरीवाले आणि रिक्षावाले यांच्यासाठी प्रधानमंत्री आवास योजनेतून हा प्रकल्प झाला. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख आणि उरलेली रक्कम लाभार्थ्याची. जानेवारी २०१९ मध्ये पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. दोन्ही वेळा पंतप्रधान नरेंद्र मोदी आले, आणि मंचावर मास्तरही होते. मार्क्सवादी नेत्याच्या प्रकल्पाला भाजपचे पंतप्रधान दोनदा येतात, हे महाराष्ट्रात फार घडत नाही.

इथल्या इमारती तळमजला अधिक दोन मजल्यांच्या आहेत आणि एकेका इमारतीत ३६ घरं. घराचं क्षेत्र तीस चौरस मीटरच्या आत. तीस चौरस मीटरमध्ये पानं भिजवायची, स्वयंपाक करायचा, पोरांनी अभ्यास करायचा म्हणजे ओढाताण आलीच. तरीही दोन मजल्यांवर थांबण्याचा निर्णय मला मोलाचा वाटतो. लिफ्ट नाही, म्हणून तिचं वीजबिल नाही आणि देखभालीची वर्गणी थकून लिफ्ट बंद पडण्याची भीतीही नाही. दुसऱ्या मजल्यावरून पोराला हाक मारली तर ती खाली ऐकू जाते. विड्यांची पाटी घेऊन बाई जिना उतरू शकते. गरिबांना बारा मजली टॉवरमध्ये कोंबून मोकळं व्हायचं, हा मुंबईतला झोपडपट्टी पुनर्वसनाचा रिवाज इथं टाळला गेला, यात कामगार चळवळीचं शहाणपण दिसतं.

खरा प्रश्न घराच्या बाहेर सुरू होतो. कामं शहरात, घर कुंभारीच्या माळावर. हातगाडी लावणाऱ्यानं पहाटे मंडईत कसं पोचायचं? शहर बससेवेनं त्यासाठी उभं राहायला हवं होतं. पण केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून आलेल्या बसच्या चासींना तडे गेले, गाड्या डेपोत पडून राहिल्या आणि परिवहन उपक्रम आटत गेला. त्यामुळे उरते ती शेअर रिक्षा, आणि तिचं भाडं रोज जाता-येता मजुरीतून वजा होतं. पाण्याचं दुखणं तर शहरभराचंच. उजनी धरणापासून ११० किलोमीटर लांबीची समांतर जलवाहिनी टाकण्यात वर्षांमागून वर्षं गेली आणि तोवर लोकांनी चार-पाच दिवसांआड येणारं पाणी पिंपांत साठवलं. पिंपाला जागा लागते, म्हणून ते गल्लीत येतं आणि गल्ली आणखी अरुंद होते.

रस्ता माणसांसाठी मोकळा करणं या शहराला जमत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. दर जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात आणि अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात. हे उंच काठ्यांचे ध्वज तोल सांभाळत न्यायचे असतात, म्हणून यात्रेआधी मार्गावरचे खड्डे बुजवले जातात, आड येणाऱ्या तारा आणि फांद्या काढल्या जातात. पालिका, वीज कंपनी, पोलीस सगळे एका नकाशावर एकत्र येतात. होम मैदानावर पाळणे आणि दुकानं रांगेत आखून दिली जातात, भाडं ठरतं, पावती मिळते. म्हणजे विक्रेत्याला जागा आखून देण्याची रीत इथल्या माणसांना पक्की ठाऊक आहे.

तीच रीत यात्रा संपल्यावरही चालू ठेवता येईल. सोलापूरकरांनी आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात : प्रभागाचा पथविक्री आराखडा, रायनगरच्या बसचं वेळापत्रक, आणि नव्या इमारतीच्या रस्त्याकडच्या बाजूला गाळा किंवा ओटा ठेवणाऱ्याला करात सवलत. यातल्या पहिल्या मागणीसाठी नवा कायदाही करावा लागणार नाही.