मक्याच्या नावाचं विमान! इंजिन एकच, ताकद हजार हॉर्सपॉवर. उतरायला माळरानही चालतं

एकावर एक दोन पंख, पुढे एकच पंखा आणि मागे औषधाचा पांढरा पट्टा. पिकाला घासून जाणारं असं विमान मोबाइलवर अनेकांनी पाहिलं असेल. दिसायला जुनं वाटतं, आणि आहेही. नाव अँटोनोव्ह एएन-२. ओलेग अँटोनोव्ह यांनी ते मुळात शेती आणि जंगलाच्या कामासाठी बनवलं. ३१ ऑगस्ट १९४७ ला ते पहिल्यांदा उडालं. पुढे सोव्हिएत संघ, पोलंड अन् चीन मिळून १८ हजारांहून जास्त विमानं तयार झाली. रशियात लोक त्याला 'कुकुरुझनिक' म्हणतात. कुकुरुझा म्हणजे मका.

इंजिन एकच, पण नऊ सिलिंडरचं, हजार हॉर्सपॉवरचं. म्हणजे ५० एचपीचे २० ट्रॅक्टर एका जागी! बारा माणसं बसतात. आत टाकी बसवली तर १२०० लिटर औषध मावतं. आपला पाठीवरचा १५ लिटरचा पंप त्यासाठी ८० वेळा भरावा लागेल.

खरी करामत पंखात आहे. वरच्या पंखाच्या पुढच्या कडेला पट्ट्या असतात. वेग कमी झाला की त्या आपोआप बाहेर येतात. दुसरं विमान अशा वेळी नाक खाली टाकून कोसळू शकतं, हे मात्र हळूहळू खाली बसत येतं. उडायला २०० मीटरची धाव पुरते, तीही कच्च्या माळावर. बर्फाच्या मुलखात चाकांच्या जागी घसरपट्ट्या लावतात.

मग आपल्याकडे का नको? विमान ताशी १६० किलोमीटरने गेलं तर १०० मीटरचं वावर सव्वादोन सेकंदात संपतं. औषध मारायचं आपल्या कपाशीवर अन् पडायचं शेजाऱ्याच्या भाजीवर, विहिरीत. हजारो एकरांच्या सामूहिक शेतीला ते जमलं. तरी युरोपीय संघाने २००९ मध्ये काही अपवाद सोडून विमानाने फवारणीवर बंदी घातलीच. पाठीवरचा पंप तरी कुठे निर्धोक आहे म्हणा. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. हवेतून फवारायचंच तर छोट्या वावराला १० लिटरचा ड्रोन बरा, पण वाऱ्याची दिशा तिथंही बघावीच लागते.

रशियात रस्ता न पोचलेल्या गावांना टपाल, किराणा नि आजारी माणूस नेण्यासाठी हेच विमान लागतं. पण बहुतेक विमानं आता म्हातारी झालीत. तासाला दीडशे-दोनशे लिटर पेट्रोल पितात, तेही विमानाचं वेगळं, महागडं. 'बैकाल' नावाचं नवं विमान २०२२ मध्ये उडालं, पण जुन्याची जागा त्याने अजून घेतलेली नाही.